धडा आधी, शिक्षक शेजारी

(परभणी येथे झालेल्या सहायकांच्या वार्षिक मेळाव्यात आपल्या वसतिगृहाच्या अधीक्षिकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर.)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'फ्लिप्ड क्लासरूम' असा विषय छापला आहे. मघाशी चहाच्या वेळी एका मावशींनी मला बाजूला घेऊन विचारले, "बाई, हे काही नवीन मशीन घ्यायचं आहे का?" तसे मशीन काही नाही. आज मी तुमच्याकडे पैशांपेक्षा वेळ मागायला आले आहे, आणि तो कशासाठी हे नीट सांगायचे तर आधी हा शब्द समजून घ्यावा लागेल. मराठीत आपण त्याला 'उलटा वर्ग' म्हणू.

आपण सगळे ज्या वर्गात शिकलो तो सुलटा वर्ग. गुरुजी नवीन धडा समजावून सांगतात, मुले ऐकतात, फळ्यावरचे वहीत उतरवून घेतात. घंटा होते. मग घरी जाऊन गणिते सोडवायची, प्रश्नांची उत्तरे लिहायची. आता यात सोपे काम कोणते आणि अवघड कोणते ते पाहा. ऐकणे आणि उतरवणे हे सोपे काम, आणि ते होते गुरुजी समोर असताना. स्वतः करून पाहणे, अडणे, पुन्हा करणे हे अवघड काम, आणि ते होते रात्री, एकट्याने, जेव्हा विचारायला कोणी नसते.

तुमच्या-माझ्या घरी मूल अडले तर आईला विचारते, मोठ्या बहिणीला विचारते, फारच झाले तर शिकवणी लावतो. आपल्या वसतिगृहातली बरीच मुले त्यांच्या घरातली पहिली शिकणारी आहेत. जिंतूर तालुक्याच्या डोंगरपट्ट्यातल्या आंध समाजाच्या वाडीवर मूल रात्री अडले तर ते कोणाला विचारणार? आई दिवसभर मजुरी करून आलेली, वडिलांना सहीपुरते येते. म्हणून वही कोरी राहते. दुसऱ्या दिवशी कोरी वही पाहून गुरुजी रागावतात. तिसऱ्या दिवशी मूल शाळेत जायचे टाळते. आणि आपण म्हणतो, या मुलांना शिक्षणाची गोडी नाही.

उलट्या वर्गात या दोन कामांच्या जागा बदलतात. धड्याची पहिली ओळख मूल आधीच करून घेते, कधी पाच-सहा मिनिटांचे ध्वनिमुद्रण ऐकून, कधी चित्रफीत पाहून, तर कधी पुस्तकातली दोन पाने वाचून. वर्गात येताना ते आपल्या शंका घेऊन येते. मग वर्गातला वेळ सोडवण्यात, विचारण्यात, एकमेकांना समजावण्यात जातो, आणि शिक्षक फळ्यापाशी उभे न राहता अडलेल्या मुलाच्या शेजारी जाऊन बसतात. एवढीच ही पद्धत आहे.

ती आली कुठून? अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात वुडलँड पार्क नावाचे डोंगराळ गाव आहे. तिथल्या माध्यमिक शाळेत जोनाथन बर्गमन आणि ॲरन सॅम्स हे रसायनशास्त्राचे दोन शिक्षक होते. त्यांची मुले खेळांच्या स्पर्धांसाठी लांबलांब जायची, बसच्या प्रवासात दिवस जायचा आणि तास बुडायचे. २००७ साली त्यांनी आपले तास मुद्रित करून ठेवायला सुरुवात केली, म्हणजे बुडालेला धडा मुलांना नंतर पाहता येईल. पुढे त्यांच्या लक्षात आले की मुलांना आपली खरी गरज धडा सांगताना नसते, मुले अडतात तेव्हा असते. तेव्हा त्यांनी सगळ्याच मुलांना धडा आधी पाहून यायला सांगितले आणि वर्गातला तास मोकळा केला.

त्याआधी, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला हार्वर्ड विद्यापीठात एरिक माझूर हे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक असेच काही करत होते. विद्यार्थ्यांनी वाचून यायचे, वर्गात एक प्रश्न टाकायचा, आणि ज्याला उत्तर पटले आहे त्याने शेजाऱ्याला पटवून द्यायचे. म्हणजे या पद्धतीला मोबाईल लागतोच असे नाही. पुस्तक आणि शेजारी असला तरी पुरते.

वुडलँड पार्कच्या गोष्टीतला एक मुद्दा मला फार जवळचा वाटतो. ही पद्धत निघाली ती गैरहजर मुलांसाठी. आणि परभणी जिल्ह्यात गैरहजर मूल म्हणजे कोण, हे तुम्हाला सांगायला नको.

दसरा झाला की आपल्या जिल्ह्यातल्या किती गावांत घरांना कुलुपे लागतात ते आपण पाहतो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता, अशा कोयत्यांची टोळी ट्रकमध्ये, ट्रॅक्टरमध्ये भरून निघते. कोणी सांगलीकडे, कोणी कोल्हापूरकडे, कोणी साताऱ्याकडे, तर कोणी सीमेपलीकडे कर्नाटकात. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, मुक्काम उसाच्या फडाजवळच्या कोपीत. लहान मुले बरोबर जातात. मोठी मुलगी तर जातेच, कारण धाकट्या भावंडाला सांभाळायचे असते, पाणी भरायचे असते, भाकरी करायच्या असतात. मूल परत येते तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो. त्याला जे कळत नाही ते त्याच्या नसण्याच्या दिवसांत शिकवून झालेले असते.

सरकारने यावर काही केलेच नाही असे नाही. गावात राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे आहेत. बरोबर जाणाऱ्या मुलाला शिक्षण हमी पत्रक मिळते, ते दाखवून जिथे जाईल तिथल्या शाळेत बसता येते. पण फडापासून शाळा लांब असते, टोळी आठ-पंधरा दिवसांनी जागा बदलते, आणि पत्रक ट्रंकेतच राहते. आपल्या जिल्ह्यात शंभर माणसांत आदिवासी दोनच्या आसपास. संख्या थोडी, वस्त्या विखुरलेल्या, म्हणून त्यांची मुले कोणाच्याच यादीत ठळक दिसत नाहीत.

आता कोणी म्हणेल, बाई, मोबाईल आला आहे ना, त्यावर सगळे धडे आहेत. खरे आहे. केंद्र सरकारचे 'दीक्षा' २०१७ साली सुरू झाले. बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड आले. करोनाच्या काळात, २०२० च्या जुलैपासून, सह्याद्री वाहिनीवर 'टिली मिली' ही मालिका लागायची, पहिली ते आठवीच्या मुलांसाठी. ज्यांच्या घरी दूरदर्शन संच होता, वीज होती, त्या मुलांना तिचा आधार झाला. पण वाडीवर एका घरात एक मोबाईल, तोही वडिलांच्या खिशात. वडील कामावर गेले की मोबाईल गेला. रिचार्ज संपले की महिनाभर नुसते फोन घ्यायचे. रेंज हवी तर टेकडीवर चढायचे. अशा घराला आपण सांगितले की धडा घरी पाहून या, तर काय होईल? ज्याच्या घरी आहे तो आणखी पुढे जाईल आणि ज्याच्या घरी नाही तो आणखी मागे पडेल. उलटा वर्ग घरावर भार टाकतो. ज्या घराला तो भार पेलत नाही, तिथे तो आपण उचलायचा.

यासाठी मला नेहमी परितेवाडीचे उदाहरण द्यावेसे वाटते. सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातली ही छोटी वाडी. तिथल्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले २००९ साली शिक्षक म्हणून गेले. शाळेची इमारत मोडकळीला आलेली, मुलींची हजेरी कमी, लहान वयात लग्ने. पुस्तके मुलांच्या घरच्या भाषेत नव्हती. त्यांनी पुस्तकांवर क्यूआर कोड चिकटवले, त्यातून कविता ऐकता येत, धडे पाहता येत. पण त्याबरोबरच त्यांनी ती पुस्तके मुलांच्या मातृभाषेत आणली. पुढे राज्यभराच्या पुस्तकांवर क्यूआर कोड आले. ३ डिसेंबर २०२० रोजी त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ जाहीर झाले, दहा लाख डॉलरचे, आणि त्यातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून देण्याचे जाहीर केले. वर्तमानपत्रांनी क्यूआर कोडचे कौतुक केले, ते योग्यच. मला त्यांच्या कामातली भाषेची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. मुलाला घरच्या बोलीत धडा ऐकू आला की तो धडा त्याच्या घरात जाऊन बसतो.

आमच्याकडे हे कसे चालते ते थोडक्यात सांगते. आपली मुले दिवसा जिल्हा परिषदेच्या शाळेत जातात आणि संध्याकाळी वसतिगृहात असतात. म्हणजे त्यांचे 'घर' आपण आहोत. शाळेच्या गुरुजींना विचारून पुढच्या आठवड्यात कोणता धडा येणार ते आम्ही लिहून घेतो. संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर त्या धड्याचे पाच-सहा मिनिटांचे ध्वनिमुद्रण छोट्या स्पीकरवर लावतो. मेमरी कार्ड घातले की झाले, नेट लागत नाही. लाईट गेली तरी स्पीकर चालतो. ऐकून झाले की प्रत्येक मूल एका चिठ्ठीवर दोन गोष्टी लिहिते: मला काय कळले आणि मी कुठे अडलो. चिठ्ठ्या डब्यात टाकायच्या. रात्री त्या वाचायच्या, आणि सकाळच्या अभ्यासिकेत जिथे मुले अडली आहेत तिथूनच सुरुवात करायची.

पाचवीच्या मुलांना अपूर्णांक होते. चिठ्ठ्या उघडल्या तर बऱ्याच जणांनी लिहिले होते की एक चतुर्थांश हा एक तृतीयांशापेक्षा मोठा. का, तर चार हे तीनपेक्षा मोठे. नुसते फळ्यावर शिकवले असते तर ही समजूत डोक्यात तशीच राहिली असती आणि परीक्षेत बाहेर आली असती. सकाळी स्वयंपाकघरातून दोन भाकरी आणल्या. एक तिघांत वाटायला दिली, एक चौघांत. चौघांतली एक मुलगी लगेच म्हणाली, "बाई, आमच्या वाट्याला कमी आली." मी म्हटले, मग आता चिठ्ठीतले उत्तर बदलायचे का? तिने स्वतः खोडून लिहिले आणि मग शेजारच्या मुलाला समजावत बसली. मुलांना वाटून खाणे घरी रोजचेच आहे. तिला नवे काही शिकवावे लागले नाही, तिला ठाऊक असलेले फक्त गणिताशी जोडून द्यावे लागले. आणि ते जोडायला वेळ मिळाला, कारण सांगण्याचे काम आदल्या रात्रीच झाले होते.

यात अडचणी नाहीत असे नाही. दमलेले मूल संध्याकाळी ऐकताना पेंगते. एखादे मूल न ऐकताच चिठ्ठी लिहून टाकते. काही पालक विचारतात, "बाई, मास्तर शिकवत नाहीत का, की पोरांनीच शिकायचं?" त्यांना मी अभ्यासिकेत बसवून घेते, म्हणजे त्यांना दिसते की शिक्षकाचे काम या पद्धतीत कमी होत नाही, उलट वाढते. आणि लहान मुलांना, पहिली-दुसरीच्या, ही पद्धत लावू नये. त्यांना माणूसच समोर लागतो.

आता हंगामाकडे येते. आई-वडिलांबरोबर जाणे ज्यांना टळत नाही अशा मुलांसाठी आम्ही एक पिशवी तयार करतो. तिच्यात मेमरी कार्ड असते, महिन्याप्रमाणे लावलेले धडे असतात, सरावाची वही, चिठ्ठ्यांचे पाकीट आणि शिक्षण हमी पत्रकाची प्रत. वडिलांच्या साध्या मोबाईलमध्येही कार्ड चालते. मूल कोपीत बसून धडा ऐकू शकते. वर्गाचा अर्धा भाग त्याच्याबरोबर प्रवास करतो. पण दुसरा अर्धा, जिथे अडले तिथे शेजारी बसणारा माणूस, तो पिशवीत घालता येत नाही.

आपल्या सर्वांना प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायातला तो कूशी अधिकारी आठवत असेल. यरुशलेमेहून परत निघाला होता, रथात बसून यशयाचे पुस्तक वाचत होता. पुस्तक त्याच्या हातात होते, वाचता येत होते, मनात प्रश्नही होता. उणीव एकच होती. फिलिप्प धावत रथापाशी गेला, तो काय वाचतो आहे हे ऐकले, समजते का असे विचारले, आणि त्याच्या शेजारी बसला. जिथे तो अडला होता त्याच वचनापासून त्याने सुरुवात केली. मला तर हा उलट्या वर्गाचा सर्वांत चांगला धडा वाटतो. आपल्या संडे स्कूलमध्येही हेच आहे. वचन घरी पाठ करून यायचे आणि रविवारी त्याचा अर्थ एकत्र बसून शोधायचा. म्हणजे ही रीत मंडळीला नवी नाही.

तेव्हा माझ्या विनंत्या ऐका.

मंडळीत निवृत्त शिक्षक पुष्कळ आहेत. तुमचा आवाज आम्हाला द्या. पाचवी ते आठवीचा गणिताचा किंवा विज्ञानाचा एकेक मुद्दा, पाच-सहा मिनिटांत, आपल्या परभणीच्या साध्या बोलीत, स्वतःच्या शब्दांत सांगा. मोबाईलवर मुद्रित करून पाठवला तरी चालेल. मागे कोंबडा आरवला तरी हरकत नाही, मुलांना तो ओळखीचाच आहे.

जे परभणी-जिंतूरच्या आसपास राहतात त्यांनी महिन्यातल्या दोन सकाळी अभ्यासिकेत येऊन बसावे. तुम्हाला सगळे आलेच पाहिजे असे नाही. मूल कुठे अडले ते ऐकून घेणारा माणूस हवा आहे.

आणि सर्वांत मोठी विनंती, जी हे वार्तापत्र पश्चिम महाराष्ट्रात वाचतील त्यांच्यासाठी आहे. सांगली, कोल्हापूर, सातारा, पुणे, अहिल्यानगर इथल्या मंडळ्यांनो, दिवाळीनंतर तुमच्या गावाजवळच्या फडावर कोप्या पडतील. त्यात आमची मुले असतील. आठवड्यातून एक संध्याकाळ तिथे जा. दोघे-तिघे मिळून जा, मुकादमाला आणि आई-वडिलांना विचारून, त्यांच्या डोळ्यांसमोर बसा. मुलांचे फोटो काढू नका. कपडे-खाऊ वाटायची घाई करू नका. मूल कोणत्या समाजाचे, कोणत्या धर्माचे हे विचारू नका. फक्त चिठ्ठीचे पाकीट उघडायला सांगा आणि पहिल्या चिठ्ठीपासून सुरुवात करा. जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटून हमी पत्रकावर मुलाला बसवता आले तर त्याहून चांगले. ज्या मंडळ्या तयार असतील त्यांना आमची मुले कोणत्या भागात आहेत हे आम्ही कळवू.

ज्यांना दानच द्यायचे आहे त्यांनी स्पीकर आणि मेमरी कार्डांसाठी द्यावे, ते फार महाग नाहीत. पण दान देऊन वेळ देण्यातून सुटका करून घेऊ नका, ही बहिणीच्या नात्याने केलेली तक्रार समजा.

गेल्या हंगामात सहावीची एक मुलगी पिशवी घेऊन गेली होती. पट्टा पडल्यावर परत आली तेव्हा पाकिटात चिठ्ठ्या भरलेल्या होत्या. धुराने पिवळ्या झालेल्या, काहींवर पिठाचे डाग. प्रत्येकीवर तिने नीट लिहिले होते की कुठे अडले. एकाही चिठ्ठीला उत्तर नव्हते, कारण विचारायला कोणी नव्हते. आम्ही दोघी महिनाभर त्या चिठ्ठ्या घेऊन बसलो आणि ती सातवीत गेली. या वर्षी तिचे आई-वडील पुन्हा उचल घेत आहेत. तिला वसतिगृहात ठेवावे म्हणून आम्ही त्यांच्याशी बोलत आहोत, पण धाकटा भाऊ दोन वर्षांचा आहे आणि त्याला सांभाळायला दुसरे कोणी नाही. तिला जावे लागले तर तिच्या चिठ्ठ्यांना फडावरच उत्तर मिळावे, एवढीच माझी प्रार्थना आहे. तुम्हीही तिची आणि तिच्यासारख्या सर्व मुलांची प्रार्थनेत आठवण ठेवा, आणि प्रार्थना करून उठलात की आपल्या गावाजवळ कोप्या कुठे पडल्या आहेत याची चौकशी करा.

प्रभू तुम्हा सर्वांना आशीर्वाद देवो. जय ख्रिस्त.